घाट उतरून किनाऱ्यावर जाताना आपण काय पाळावे?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार.

आम्ही कोल्हापुरातील काही मित्रमंडळी गेली दहा-बारा वर्षे थंडी सरता सरता सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर दोन-तीन दिवस जाऊन येतो. कधी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने उतरतो, तर कधी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाटाने. सकाळी लवकर निघाले की दुपारच्या जेवणाला ताटात ताजा मासा असतो, त्यामुळे समुद्र आम्हाला परका असा कधी वाटलाच नाही. तो आपलाच आहे, अशा समजुतीने आम्ही तेथे वागत आलो, आणि त्या समजुतीबद्दलच मला येथे लिहायचे आहे.

गेल्या मार्चमधील गोष्ट आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक गावाची नव्हती, आमची होती. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हते. सुरूच्या बनातून एक मोकळी वाट दिसली, तेथून आम्ही दोन्ही गाड्या वाळूवर उतरवल्या, ओल्या कडक वाळूवरून दोन-चार फेऱ्या मारल्या, सूर्यास्ताची छायाचित्रे काढली आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी एकटाच चालत किनाऱ्यावर गेलो. भरतीच्या रेषेच्या वर, जेथे वाळू भुसभुशीत असते, तेथे आमच्या चाकांच्या चाकोऱ्या रात्रभर तशाच राहिल्या होत्या. त्यांतल्या एका चाकोरीत कासवाचे एक पिल्लू होते. काळपट, बोटाच्या दोन पेरांएवढे. समुद्र पश्चिमेला होता आणि ते चाकोरीतून उत्तरेकडे चालले होते. दर वीतभर अंतरावर ते डावीकडच्या वाळूच्या भिंतीला पुढचे पाय लावी, अर्धे वर चढे आणि पुन्हा तळाला घसरे. कावळे जागे व्हायची वेळ झाली होती.

मी उचलायला वाकणार, तेवढ्यात गावातील एक वृद्ध गृहस्थ आले. घरट्यांवर नजर ठेवणाऱ्यांपैकी ते होते. त्यांनी मला हातानेच थांबवले, पिल्लाला स्पर्शही केला नाही, फक्त टाचेने चाकोरीची भिंत मोडून समुद्राच्या बाजूला उतार करून दिला. पिल्लू त्या उतारावरून वर आले, क्षणभर थांबले आणि आपल्या आपण पाण्याकडे निघाले. मग त्यांनी विचारले, गाड्या तुमच्या का? मी हो म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत, पायांनी चाकोऱ्या बुजवू लागले. मीही बुजवू लागलो. तासभर लागला.

या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पुन्हा जायचे ठरवत आहोत. चौदा जण आहोत, त्यात दोन लहान मुले आणि ऐंशीला टेकलेली माझी आई. किनाऱ्यावरच्या माणसांना आणि तेथील जिवांना कमीत कमी त्रास होईल असा प्रवास कसा आखावा, याबद्दल जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे. गाडी कोठे थांबवावी, कोठे उतरावे, काय खावे, होडीतून जावे की नाही, हे सगळेच आम्हाला नव्याने शिकायचे आहे.

पंचगंगा घाट

आपण प्रामाणिकपणे लिहिले, त्याबद्दल आभार. माझे मत मात्र थोडे कठोर आहे. अशा जागी जाऊच नये असे मला वाटते. आपल्या डोळ्यांसमोर पंचगंगेचे काय झाले ते आपण पाहिले आहे, रंकाळ्याचे पाणी हिरवे पडलेले पाहिले आहे. मूर्ती आणि निर्माल्य पाण्यात सोडायचे नाही, ते वेगळ्या कुंडात द्यायचे, हे आपल्या शहराच्या गळी उतरवायला कार्यकर्त्यांची किती वर्षे गेली. मग जो किनारा अजून बऱ्यापैकी निर्मळ आहे, तेथे चौदा जणांनी जाण्याऐवजी घरीच राहणे हा सर्वांत जबाबदार प्रवास ठरणार नाही का? कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढची चर्चा अपुरी राहील.

मालवणची माहेरवाशीण

पंचगंगा घाट, आपल्या प्रश्नामागची कळकळ मला समजते, कारण मी गेली बावीस वर्षे कोल्हापुरात नांदते आहे आणि नदीची अवस्था रोज पाहते. तरीही माझे उत्तर वेगळे आहे. माझे माहेर मालवणजवळच्या एका वाडीत आहे. वडील रापणीला जात. रापण म्हणजे काय, हे घाटावरच्या पुष्कळ जणांना ठाऊक नसते म्हणून सांगते. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धगोलाकार सोडतात आणि मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. अख्ख्या वाडीचे हात त्या दोरीला लागतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. अलीकडे पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका मासळीचे थवेच्या थवे बाहेरच उचलतात, त्यामुळे किनाऱ्यापर्यंत येणारी मासळी कमी झाली. त्यावरून आमच्या मच्छीमारांनी किती आंदोलने केली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले असेल. अशा घरांत आज दोन पैसे येतात ते पाहुण्यांना दिलेल्या खोलीमुळे आणि जेवणामुळे. आपण आलाच नाहीत, तर किनारा वाचेलच असे नाही. ज्याच्या हातून घर चालत नाही, तो माणूस जमीन विकतो, आणि विकलेल्या जमिनीवर काय उभे राहते ते मी पाहिले आहे.

म्हणून या, पण पैसा वाडीत राहील असे या. माझा खरा आक्षेप कोल्हापुराहून सगळे बरोबर घेऊन येणाऱ्या गटांवर आहे. शेगडी, सिलिंडर, मटण, मसाला, पाण्याची खोकी, स्वयंपाकी, सारे काही घाटावरून येते आणि वाडीत उरतात त्या रिकाम्या बाटल्या आणि पत्रावळी. निवास व न्याहारी योजनेतील घरगुती खोल्या घ्या, एकाच गावी तीन रात्री राहा, रोज नवा किनारा गाठण्याचा हट्ट सोडा. गावातल्याच माणसाची होडी ठरवा. सोलकढीसाठी आमसुले, काजू, कुळथाचे पीठ, सुके बांगडे घरूनच विकत घ्या. पूर्वी बाजाराला कोल्हापूरचा गूळ खाली जायचा आणि सुकी मासळी वर यायची, त्यात दोन्हीकडच्यांचे भले होते.

जेवणाबद्दल. पाहुणा आला की सुरमई, पापलेट, कोलंबी यांखेरीज दुसरे नावच काढत नाही, आणि मग घरधनीण बाजारातून महागामोलाची, पुष्कळदा बाहेरून बर्फात आलेली मासळी आणते. त्यापेक्षा आज जाळ्यात काय आले असे विचारा. बांगडा असेल, तारली असेल, पेडवे असतील, ओहोटीला बायकांनी वेचून आणलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, असतील. पापलेटाला 2023 साली राज्यमाशाचा मान मिळाला, तो त्याची संख्या घटत चालली म्हणून. त्याच वर्षी शासनाने बऱ्याच जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवून दिला. तळहाताएवढे पापलेट कोणी पानात वाढले, तर ते एकदाही अंडी न घालता आपल्या ताटात आले आहे, एवढे लक्षात ठेवावे.

आणखी एक. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर चढून छायाचित्रे काढू नका. ती होडी त्या घराची लक्ष्मी आहे, तिची पूजा होते, आणि चप्पल घालून तिच्यावर उभे राहिलेले माणूस पाहून माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर काय उमटत असे, ते मी कधी विसरणार नाही. रापण ओढणे चालू असताना दोरी ओलांडू नये. मासळीचा लिलाव करणाऱ्या बायकांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. विचारल्यावर बहुतेक जणी आनंदाने हो म्हणतात.

माझी आजी परक्या माणसाला वाळूवर पाहिले की एकच वाक्य बोलत असे, “पावण्यांनू, पाय जपान टाका.” तिला घरटी ठाऊक होती, तसेच सुकत घातलेले जाळेही.

सडा आणि शिंपले

मी शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचे शिक्षण घेते. काकांनी लिहिलेला चाकोरीचा प्रसंग वाचून खूप वेळ स्वस्थ बसून राहिले. त्यात जे घडले, त्यामागची कारणे सांगण्याचा प्रयत्न करते.

आपल्याकडे अंडी घालायला येते ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीचे कासव. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री वाळूवर येते, दीड-दोन फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पुन्हा ती त्या घरट्याकडे पाहत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवसांत वाळूच्या उबेवर अंडी उबतात. पूर्वी किनाऱ्यावरची बरीच अंडी माणसे, कोल्हे आणि कुत्रे खाऊन टाकत. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली ग्रामस्थांना बरोबर घेऊन घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पुढे ते काम वनविभागाच्या साहाय्याने इतर किनाऱ्यांवरही पसरले. सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर गावकरी घरटी राखतात. सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, तिला हॅचरी म्हणतात. पण प्रत्येक घरटे सापडतेच असे नाही. काकांना दिसलेले पिल्लू बहुधा अशाच न सापडलेल्या घरट्यातले असावे.

पिल्लू बाहेर आले की जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे चालू लागते. निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. आपण गाडीचे दिवे, मोबाइलची बॅटरी किंवा खोलीबाहेरचा पांढरा दिवा लावला, तर ती दिशा बदलते आणि पिल्लू जमिनीकडे वळते. त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रात्री किनाऱ्यावर दिवा घेऊन फिरू नये. मादी अंडी घालायला वर येत असताना प्रकाश पडला, तर ती न घालताच परत जाऊ शकते. पिल्लाला उचलून पाण्यात सोडणे पुण्याचे वाटते, पण त्याने स्वतः वाळू तुडवत जाणे त्याच्या हिताचे असते, असे या क्षेत्रातील अभ्यासक सांगतात. त्या आजोबांनी टाचेने वाट करून दिली, याहून योग्य असे मीही काही सुचवू शकले नसते.

ही कासवे किती दूरचा प्रवास करतात, याचे एक उदाहरण देते. 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खुणेची पट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात येऊन तिने निवडलेल्या वाळूवर आपण गाडी फिरवतो, हे मनात आले की पाय आपोआप थांबतात.

गाडीमुळे आणखी एक नुकसान होते, ते लगेच दिसत नाही. भरतीच्या रेषेवर जांभळ्या फुलांचा एक वेल पसरलेला असतो, त्याला मर्यादवेल म्हणतात. तो वाळू धरून ठेवतो. चाकाखाली तो चिरडला की वाळू मोकळी होते, वाऱ्याने आणि उधाणाने वाहून जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात समुद्र आणखी आत येतो. नाव ठेवणाऱ्याने त्याचे काम नेमके ओळखले होते.

आता पाण्याखालच्या गोष्टी. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, त्याचे क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर त्यात येतो. तेथील खडकांवर प्रवाळ आहे. त्याचे गोलसर दगडासारखे प्रकार वर्षाला फार तर सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे वितीएवढ्या गोळ्यामागे वीस-एक वर्षे असू शकतात. स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत तळ पाहताना, दम लागला की माणूस पायाखाली जे सापडेल त्यावर उभा राहतो, आणि ते बहुतेक वेळा प्रवाळच असते. ज्याला तरंगता येत नाही त्याने आधी उथळ, वाळूच्या तळावर सराव करावा. होडीवाल्याला नांगर प्रवाळावर न टाकता तरंगत्या बोयाला होडी बांधायची विनंती करावी. माशांना पाव आणि बिस्किटे घालू नयेत, त्यांचे खाणे ते स्वतः शोधतात. प्रवाळाचे तुकडे, समुद्रपंखे, काही जातींचे मोठे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे दुकानात दिसले तरी विकत घेऊ नयेत. वाळूवरचे रिकामे शंखसुद्धा तेथेच राहू द्यावेत, कारण काही खेकडे त्यांतच घर करतात.

मालवणची माहेरवाशीण

या मुलीने फार चांगले लिहिले आहे. अभयारण्याबद्दल एवढीच भर घालते की आमच्याकडे त्या शब्दाला विरोध आहे, आणि तो निसर्गाच्या द्वेषातून आलेला नाही. मासेमारी बंद होईल या भीतीतून आलेला आहे. पाहुण्यांनी गावात बसून स्थानिकांना संवर्धनाचे धडे देऊ नयेत. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, त्यांनी पावसाळ्यातील मासेमारी बंदी पाळली आहे, नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच होड्या पाण्यात लोटल्या आहेत. त्यांच्याकडून आधी ऐकून घ्यावे.

घाटचालक

मी प्रवासी वाहन चालवतो आणि वर्षाला तीस-चाळीस वेळा तरी खाली उतरतो. गाडीपुरते लिहितो.

मध्यरात्री निघून पहाटे समुद्र गाठण्याची सवय सोडावी. फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता राधानगरी अभयारण्याला लागून जातो. महाराष्ट्रातील हे पहिले अभयारण्य 1958 सालचे, आणि ते गव्यांसाठीच ओळखले जाते. गवा रात्री रस्त्यावर उभा असतो तेव्हा त्याचा काळा रंग दिव्यात उशिरा दिसतो. मी स्वतः दोनदा थोडक्यात वाचलो आहे, आणि दोन्ही वेळा वेग कमी होता म्हणूनच वाचलो. पावसाळ्यात तर पहिल्या सरींनंतर घाटातल्या डांबरावर बेडूक आणि साप इतके येतात की चाके जपून टाकली तरी काही चिरडले जातातच. उजेडात निघा, चाळीसच्या वेगाने जा, घाटात माकडांना खायला टाकू नका. खायला मिळते म्हणून ती रस्त्याच्या कडेला बसतात आणि दुसऱ्या गाडीखाली येतात.

चौदा जणांसाठी तीन गाड्या नेण्यापेक्षा एक मोठे वाहन करावे, किंवा तरुणांनी एस.टी.ने यावे. कोल्हापूरहून मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला थेट गाड्या जातात. आईंसाठी एक मोटार ठेवावी, त्यात कोणी काही गैर मानणार नाही. गावात पोहोचल्यावर गाडी घराच्या अंगणात लावून तीन दिवस हलवू नये. वाळूवर गाडी घालणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. भरती चढू लागली की चाकाखालची वाळू भसकन सुटते, आणि मग ट्रॅक्टर शोधत गावभर फिरावे लागते. मी अशा चार गाड्या ओढून काढताना पाहिल्या आहेत, त्यांतली एक अर्धी पाण्यात होती आणि तिचे तेल तासभर समुद्रात जात होते.

उमा टेकडी

कातळशिल्पे पाहायला जायचा विचार आहे. तेथेही काही काळजी घ्यावी लागते का?

सडा आणि शिंपले

घ्यावीच लागते. रत्नागिरीतील बारसू, कशेळी, उक्षी आणि सिंधुदुर्गातील कुडोपी यांसह कोकणातील कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत आली आहेत, पण ती जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आहेत, छप्पर नाही की काही नाही. जांभा मऊ असतो. छायाचित्रात रेषा उठून दिसाव्यात म्हणून काही जण त्यांत खडू किंवा चुना भरतात, तसे मुळीच करू नये. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडतो, तेव्हा रेषा आपोआप दिसतात. चित्राच्या कडेने चालावे. पावसाळ्यात त्याच सड्यावर बोटभर उंचीची फुले येतात, त्यामुळे तेव्हा पायवाट सोडू नये.

खाडीकाठ

देवगड तालुक्यात आमचे घर आहे आणि त्यातील दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. हा धागा कोल्हापूरच्या एका पाहुण्यांनी पाठवला, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

घरधनी म्हणून मला सर्वांत जास्त चिंता पाण्याची असते. कोकणात धो-धो पाऊस पडतो म्हणून पाणी भरपूर असेल असे पाहुण्यांना वाटते. पण जांभा पाणी धरत नाही, ते पावसाबरोबर समुद्राला जाऊन मिळते. मार्च उजाडला की आमच्या विहिरीचा पाट्यासारखा सपाट तळ दिसू लागतो, आणि उपसा वाढला की पाणी मचूळ लागते, म्हणजे समुद्राचे पाणी आत शिरू लागलेले असते. एकदा मचूळ झालेली विहीर त्या वर्षी पुन्हा गोडी धरत नाही. मग शेजारच्या तीन घरांचेही हाल होतात. समुद्रातून आलेल्या दहा जणांनी शॉवरखाली वाळू काढत अर्धा-अर्धा तास उभे राहावे, हे आम्हाला परवडत नाही, पण पाहुण्याला तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. अंगणातच दोन तांब्यांनी पाय धुवावेत आणि बादलीत अंघोळ करावी, एवढेच मागणे आहे.

कचऱ्याचे सांगतो. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचरा वेगवेगळा गोळा करून कचराडेपोची जागाच लोकांनी पाहायला यावी अशी केली, ते काम खरोखर मोठे आहे. पण प्रत्येक ग्रामपंचायतीकडे ती यंत्रणा नसते. आमच्या वाडीत ओला कचरा माडाच्या आळ्यात जातो आणि प्लास्टिक जाळले जाते किंवा पुरले जाते. लहान मुलांचे डायपर आणि वेफर्सची पाकिटे यांचे आम्ही काहीच करू शकत नाही. ते आपल्याबरोबर कोल्हापूरला परत न्यावेत, ही विनंती करताना संकोच वाटतो, पण करतोच.

रात्री दहानंतर आवाज नको. आमची माणसे पहाटे तीन-चारला होडी लोटतात. झोप न झालेला माणूस समुद्रावर जातो तेव्हा त्याच्या घरचे जागे राहतात.

समुद्रात उतरण्यापूर्वी घरातल्या कोणालाही भरतीची वेळ विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. कोणत्या ठिकाणी पाणी माणसाला आत ओढते हे आम्हाला ठाऊक असते, पण फलक सगळीकडे नसतात. पाहुणा बुडू लागला की वाचवायला आमचीच मुले उडी घेतात. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद असतात. त्या दिवसांत जास्त पैसे देऊन कोणाला होडी काढायला लावू नये, कारण गरजू माणूस नाही म्हणणार नाही.

डॉल्फिन पाहायला सगळेच मागतात. मी माझ्या पाहुण्यांना आधी सांगतो की ते दिसतीलच असे नाही. होडीवाल्याला पाठलाग करायला लावू नका, दूर थांबून इंजिन मंद ठेवायला सांगा. मुले असतील तर मी खाडीतील कांदळवनाची फेरी सुचवतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला अशी फेरी स्वतः चालवतात. वल्ह्याची होडी असते, खेकड्यांची बिळे दिसतात, धीवर पक्षी पाण्यावर सूर मारतो, आणि पैसे थेट त्या बायकांच्या हातात जातात.

पंचगंगा घाट

खाडीकाठ यांचे लिहिणे वाचून माझे मत बदलले, हे येथे नोंदवतो. जाऊ नये असे मी म्हणालो होतो, ते लांबून पाहून म्हणालो. विहिरीचे आणि पहाटेच्या होडीचे मला ठाऊक नव्हते.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

परवा परत आलो. उशिरा लिहितो आहे, क्षमस्व.

चौदांपैकी नऊ जण एस.टी.ने गेले, आई, दोन्ही मुले, माझी पत्नी आणि मी मोटारीने. मोटार अंगणात फणसाखाली तीन दिवस उभी होती, तिच्यावर पानगळ साचली. एका घरात सगळे मावत नव्हते म्हणून शेजारच्या दोन घरांत वाटून राहिलो. पहिल्या रात्री कुळथाची पिठी आणि तारली, दुसऱ्या दुपारी बांगडा. आमच्यातील दोघांनी सुरमई नाही म्हणून कुरकुर केली, ती तिसऱ्या दिवशी तिसऱ्यांचे सुके वाढल्यावर थांबली.

सगळे ठरवल्याप्रमाणे झाले नाही, तेही सांगतो. होडीवाल्या दादांनी आमच्या सांगण्यावरून इंजिन मंद करून होडी दूर थांबवली, पण इतर पाच होड्या डॉल्फिनच्या मागे धावत होत्या आणि त्यांनी तिन्ही बाजूंनी त्यांना घेरले. आम्ही पाहवेना म्हणून अर्ध्यातून परतलो. पैसे पूर्ण दिले. दादा म्हणाले, मागे थांबलो तर पाहुणे दुसऱ्या दिवशी त्या धावणाऱ्या होडीत बसतात. यावर काय करावे, मला अजून सुचलेले नाही. सर्व होड्यांनी मिळून अंतराचा नियम करायला हवा, आणि पाहुण्यांनी तशीच होडी मागायला हवी. कोणाला अशा गावाचा अनुभव असेल, तर जरूर लिहावे.

हॅचरीवर संध्याकाळी सहाला आणि सकाळी सातला घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून पाहतात. पहिल्या दोन वेळा काहीच निघाले नाही. मुले हिरमुसली, धाकटी तर रडलीच. तिसऱ्या वेळी टोपलीखाली वाळू हलताना दिसली आणि एकामागून एक अकरा पिल्ले वर आली. दोरी बांधून वाट राखली होती, सगळे तिच्या मागे उभे होते, कोणाचा दिवा नव्हता. शेवटचे पिल्लू माझ्या पायाच्या ठशात उतरले आणि अडले. मी खाली बसलो आणि बोटाने ठशाची कड मोडली. आई खुर्चीवर बसून होती, तिने हात जोडले होते.

परतताना कचऱ्याची पिशवी गाडीच्या डिकीत होती. माहेरवाशीण ताई, तिचे वजन केले, पावणेचार किलो भरली. तीन दिवस, चौदा माणसे. पुढच्या खेपेला डबे आणि पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या नेल्या तर ती निम्म्यावर येईल असा अंदाज आहे.

मालवणची माहेरवाशीण

पावणेचार म्हणजे अजून जास्त आहे, पण पिशवी घाटावर आली, याचे समाधान आहे. आईंना माझा नमस्कार सांगा.

उमा टेकडी

आपण राहिलात त्या घराचा पत्ता मिळेल का? आम्ही होळीच्या सुट्टीत जायचे म्हणतो.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

व्यक्तिगत निरोप पाठवतो. मात्र शिमग्याच्या दिवसांत मुंबईहून त्यांची स्वतःची माणसे गावी येतात, तेव्हा त्या खोल्या घरच्यांसाठीच असतात. त्यानंतरचा आठवडा विचारून पाहा.